सात-दहाची किंचाळी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन प्रकारचं मराठी येतं. एक जिन्यातलं आणि एक नोटिशीतलं. जिन्यात भेटले की "काय म्हणताय, मजेत ना?" असं म्हणून खांद्यावर हात ठेवतात आणि तासाभराने त्याच हाताने लिहिलेला कागद आमच्या दाराखालून आत सरकतो. "विषय : वाहनातील कर्कश ध्वनीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या चारचाकी वाहनातून दररोज सकाळी ७.१० वाजता किंचाळीसदृश ध्वनी निघत असून त्यायोगे सदस्यांच्या शांततेचा भंग होत आहे. सबब सदर ध्वनी आठ दिवसांचे आत बंद करावा, अन्यथा..." अन्यथाच्या पुढे तीन टिंबं होती. मला त्या टिंबांचीच जास्त धास्ती वाटली.

आवाज होता, हे मी नाकारत नाही. गाडी बारा वर्षांची. किल्ली फिरवली की आधी इंजिन खोकायचं आणि मग बॉनेटखालून असा काही सूर लागायचा की दमेकरी मोराला कुणी शेपटीला धरून ओढतंय असं वाटावं. दोन मिनिटं ही मैफल चालायची. मग मोर दमायचा, आवाज विरायचा आणि नळस्टॉपचा सिग्नल येईपर्यंत मी तो विसरूनही जायचो. सोसायटी विसरत नसे. एसी लावला की तोच सूर वरच्या पट्टीत जायचा, त्यामुळे गेला अख्खा मे महिना आम्ही काचा खाली करून हिंडलो. "मला नैसर्गिक वारा आवडतो," असं मी पाहुण्यांना सांगायचो. पाहुणे घाम पुसत माना डोलवायचे.

उपाय सुचवणाऱ्यांची सोसायटीत वानवा नव्हती. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी बेल्टला कपड्यांचा साबण घासायला सांगितला. घासला. दुसऱ्या दिवशी बॉनेटच्या फटीतून फेस आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाल्कम पावडर सुचवली. तीही टाकली. दोन दिवस गाडीला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता, तिसऱ्या दिवशी मोर परत. मग मी स्वतःच्या अकलेने बेल्टवर तेलाचा फवारा मारला. ज्याचं सगळं जगणं घट्ट पकडून राहण्यावर अवलंबून आहे त्याला तेल लावायचं नसतं, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटूनही कळली नव्हती.

शेवटी प्रकरण एसटीवाल्या काकांकडे गेलं. काकांचं सगळं आयुष्य दापोडीच्या वर्कशॉपात गेलेलं. त्यांच्या मते एसटी सोडून इतर सर्व वाहनं ही खेळणी. त्यांनी गाडी चालू करायला लावली, मोर ओरडू दिला आणि म्हणाले, "लोटीभर पाणी आणा."

पाणी आलं. काकांनी चार बोटांनी ते फिरत्या बेल्टवर असं शिंपडलं की जमलेल्यांपैकी दोघांनी नकळत हात जोडले. आवाज थांबला! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाणी पडल्यावर आवाज गेला, तर पुली तिरकी. पाणी पडल्यावर वाढला, तर पट्टा ढिला," काका म्हणाले.

एवढ्यात आवाज परत आला आणि पहिल्यापेक्षा दुप्पट.

"आता हो, काका?"

"आता दोन्ही," काका शांतपणे म्हणाले आणि उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

गॅरेजवाल्याने पाण्याबिण्याच्या भानगडीत न पडता एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक एकेका पुलीच्या बोल्टावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एमबीबीएस डॉक्टर छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणतात तेव्हा जशी आपली छाती धडधडते, तशी माझी धडधडत होती. डोळे उघडून तो म्हणाला, "बेल्ट गेलाय. टेन्शनर गेलाय. आयडलर जायच्या मार्गावर आहे."

"टेन्शनर म्हणजे?"

"तो बेल्टला टेन्शन देतो."

"आणि आयडलर?"

"तो काय करत नाही. नुसता फिरतो."

"काहीच करत नाही, तर बदलायचा कशाला?"

"तो जाम झाला ना साहेब, की सगळ्यांचं काम थांबतं."

पंचवीस वर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळे हे मला लगेच पटलं. आमच्याकडे असे तीन आयडलर आहेत. मीच त्यातला एक असावा असा साहेबांचा कयास आहे.

मग त्याने हिशोब सांगितला. बेल्ट ९००, टेन्शनर १,८००, आयडलर ७००, मजुरी ८००, एकूण ४,२००. आता, माणसाचं मन कसं असतं बघा. बाजारातून काय ते आणायचे ३,४०० रुपये मी निमूट पचवले. माझा घास अडकला तो मजुरीच्या आठशेवर. एक पट्टा काढायचा आणि दुसरा चढवायचा, याचे आठशे? परकराच्या नाड्या घालायला बायका काय पैसे घेतात?

शिवाय माझ्यापुढे बाबांचा आदर्श होता. बाबांची फियाट होती. तिच्या इंजिनाला एकच इंग्रजी व्हीच्या आकाराचा पट्टा. तोच पुढचा पंखा फिरवायचा, तोच पाण्याचा पंप, तोच डायनॅमो. बाबा दोन बोल्ट ढिले करत, डायनॅमो मागे रेटत, अंगठ्याने पट्टा दाबत आणि तो अर्धा इंच दबला की "झालं" म्हणत. मोजमापाचं सगळं शास्त्र त्या अंगठ्यात होतं. एकदा खंबाटकीच्या घाटात पट्टा तुटला तेव्हा तर त्यांनी वस्त्राची वळकटी करून तिची गाठ मारून गाडी वाईपर्यंत नेली, ही आमच्या घराण्याची शौर्यगाथा आहे. ते वस्त्र कोणतं, यावर मात्र एकमत नाही. आत्या म्हणते तिची कोरी नायलॉनची साडी. आई म्हणायची, साडी कसली, जुनं लुगडं होतं. बाबा या विषयावर बोलत नसत, कारण तो त्यांचा लेंगा होता असं माझ्या काकाचं म्हणणं.

अशा बापाचा मुलगा आठशे रुपये देईल? मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "बघतो, सांगतो." तो हसला. हे हसू मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या गाडीच्या पट्ट्याला सगळे अजून 'फॅनबेल्ट'च म्हणतात. मी बॉनेट उघडून पाहिलं तर बेल्ट आणि फॅन यांचा काडीमोड होऊन जमाना लोटलेला. पंखा आता विजेच्या मोटरवर स्वतंत्र फिरतो. पण आपण नावं बदलत नाही. पेरूगेटापाशी उभं राहून कुणी पेरू शोधतं का? आता हा बिनफॅनचा फॅनबेल्ट सहा चाकांवरून वळसे घेत जातो. इंजिनाची मुख्य पुली, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, आयडलर आणि टेन्शनर. यातल्या अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान, त्यामुळे तो बिचारा इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने गरगरतो. सकाळी स्टार्टरने बॅटरीतली वीज गिळलेली असते, ती भरून काढायचा बोजाही त्याच्यावरच. रात्रीच्या दमटपणाने बेल्ट ओलसर, टेन्शनर म्हातारा, आणि समोर हा बोजा. मग बेल्ट घसरतो आणि घसरताना ओरडतो. घसरताना न ओरडणारा मला माणसांतही कुणी भेटलेला नाही.

हे ज्ञान घेऊन मी शनिवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही अवयव हवा तर नाना पेठ. तिथल्या दुकानदाराने माझ्याकडे न पाहता प्रश्न सुरू केले. गाडी कोणती, साल कोणतं, पेट्रोल की डिझेल, एसी आहे का, पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक? लग्न ठरवताना आमच्या सासऱ्यांनी मला याहून कमी प्रश्न विचारले होते. सगळ्यांची उत्तरं दिल्यावर त्याने शेवटचा प्रश्न टाकला, "सॅम्पल आणलंय?"

"सॅम्पल गाडीत आहे."

"मग घेऊन या."

"गाडीला लावलेलं आहे."

"काढून आणा. बेल्टच्या पाठीवर नंबर असतो. सहा पीके आणि पुढे चार आकडे. सहा म्हणजे सहा धारा, पुढचे आकडे म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. माझ्याकडे १८२० ते १८९० मध्ये आठ बेल्ट आहेत. कुठला देऊ?"

मी रिकाम्या हाताने निघालो, पण रिकाम्या हाताने घरी जाणं पुरुषाला जमत नाही. म्हणून वाटेत बोहरी आळीत थांबून गोटी पान्यांचा एक संच घेतला. निळ्या पेटीत मखमलीवर चाळीस गोट्या ओळीने झोपलेल्या. किंमत १,४५०. "हे आयुष्यभराचं आहे," मी बायकोला सांगितलं. "कुणाच्या?" तिने विचारलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी बॉनेट उघडलं. एकटाच होतो. नऊ वाजून चार मिनिटांनी आम्ही आठ जण होतो. उघडं बॉनेट ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता असते. रस्ता खणणाऱ्या मजुरांभोवती जमतात तीच माणसं इथे येतात, फरक इतकाच की इथे हात घालायला मिळतो. एसटीवाले काका अध्यक्षस्थानी. बँकवाले, इरिगेशनवाले, आयटीतला एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ लावून, दूधवाला, वॉचमन आणि पेपर टाकायला आलेला पोऱ्या, जो त्या दिवशी इतर घरांत पेपर टाकायलाच गेला नाही. सव्वादहापर्यंत अकरा झाले. इरिगेशनवाल्यांनी घरून खुर्ची आणवली.

"आधी बॅटरीची मायनस काढा," काका म्हणाले. काढली.

"फोटो काढून ठेवा अंकल, बेल्ट कुठून कसा जातो त्याचा," आयटीतला मुलगा म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं. मी मोबाइल आत घालून फोटो काढला. नेमक्या त्याच क्षणी काकांनी "हा बघा टेन्शनर" म्हणून बोट पुढे केलं. फोटोत आजही सहा पुलींच्या जागी काकांचं एक सुस्पष्ट, अंगठी घातलेलं बोट आहे.

फियाटचं इंजिन उभं होतं. समोर पट्टा, समोर माणूस, मध्ये खुर्ची ठेवावी एवढी जागा. आमच्या गाडीचं इंजिन आडवं घातलेलं. पट्टा थेट उजव्या चाकाच्या बाजूला, आणि इंजिन व पत्रा यांच्यामध्ये चार बोटं मावतील एवढी फट. त्या फटीत हात जातो. परत येताना कातडी तिथेच ठेवून येतो. मी पाना लावून टेन्शनर स्प्रिंगविरुद्ध रेटला, इरिगेशनवाल्यांनी बेल्ट ओढला आणि तो सुटला. सहज! मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. "हे तर कुणीही केलं असतं," बँकवाले म्हणाले.

मग आयडलरचा बोल्ट. त्याने माझी हाडं ढिली केली, पण तो स्वतः ढिला झाला नाही. मी लोंबकळलो. वॉचमन लोंबकळला. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवली. पाऊण तास गेला. मग खुर्चीत मान टाकून पेंगणाऱ्या काकांनी एक डोळा उघडून विचारलं, "उलट्या आट्यांचा तर नाही ना?"

उलट्या आट्यांचाच होता. काही गाड्यांत या पुल्यांचे बोल्ट उलटे असतात. जगातले सगळे बोल्ट जिकडे फिरवल्यावर सुटतात तिकडे हे आवळतात. पाऊण तास आम्ही चौघं मिळून तो काढत नव्हतो, तर जन्मोजन्मीसाठी पक्का करत होतो. "आधी सांगायचं ना, काका!" "तुम्ही विचारलंत का?" हे वर्कशॉपचं उत्तर होतं.

तो सुटला तेव्हा अशा आवेशात सुटला की थेट खाली गेला. टण्ण, टुण, खट्. आणि शांतता. जमिनीवर काहीच पडलं नाही. गाडीतून पडलेली वस्तू जमिनीपर्यंत येत नाही, हा न्यूटनच्या नजरेतून निसटलेला नियम आहे. झाड होतं म्हणून बरं. सफरचंद बॉनेटमध्ये पडतं, तर गुरुत्वाकर्षणाचा शोध लागायचा राहिला असता.

आयटीतल्या मुलाने लोहचुंबक मागितलं. आमच्या फ्रीजवर महाबळेश्वरहून आणलेली एक स्ट्रॉबेरी चिकटवलेली असते. तिला दोरा बांधून ती इंजिनात सोडली. विहिरीत पडलेली कळशी काढायला गळ सोडतात तशी. पहिल्या खेपेला एक शीतपेयाचं झाकण आलं. दुसऱ्या खेपेला एक रुपया. तो बँकवाल्यांनी हिशोबात जमा धरला. तिसऱ्या खेपेला एक बोल्ट आला, पण तो आमचा नव्हता. म्हणजे गाडीचाच होता, पण कुठला ते कुणालाच सांगता येईना. प्रत्येकाने तो हातात घेऊन वजन केलं. "लागला तर लागेल," असं म्हणून काकांनी तो खिशात टाकला. चौथ्या खेपेला आमचा बोल्ट स्ट्रॉबेरीला बिलगून वर आला. दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता सॅम्पल घेऊन नाना पेठ. काही दुकानं रविवारी अर्धा दिवस उघडी असतात. गाडीचं तर आतडंच काढलेलं, म्हणून रिक्षा केली. पिशवीत टेन्शनर आणि आयडलर, आणि बेल्ट कुठे ठेवायचा कळेना म्हणून घातला खांद्यावरून. फाटकाशी तळमजल्यावरचे आजोबा बसले होते. त्यांनी नाकावरचा चष्मा खाली ओढला. "डाव्या खांद्यावरून घातलंयत. सव्य. बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त एवढ्या जाड सुताचं आजकाल कुठे मिळतं?"

दुकानदाराने बेल्ट उलटा करून धारांवर अंगठा फिरवला. पाठीवरचा नंबर बारा वर्षांत झिजून "६पीके १८" एवढाच उरला होता. म्हणजे ज्यासाठी गाडी उघडली तेच पुसलेलं. शेवटी त्याने तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगून दुसऱ्यांशी लांबी ताडून पाहिली.

"पण दिसायला चांगला आहे की," मी म्हणालो. "एक भेग नाही."

"पूर्वीच्या रबराला भेगा पडायच्या साहेब, लगेच कळायचं. हे ईपीडीएम रबर. याला भेगा पडत नाहीत, धारा आतून झिजतात. वरून काळाकुळकुळीत, खालून संपलेला."

माझा हात आपसूक केसांकडे गेला. दर पंधरा दिवसांनी मीही त्यांना काळंकुळकुळीत करतो.

मग त्याने आमचा जुना आयडलर बोटावर धरून फिरवला. तो फिरतच राहिला. सुर्र करत कितीतरी वेळ. मग नवा फिरवला. तो एक गिरकी घेऊन थांबला.

"हा नवा जाम आहे," मी चतुराईने म्हणालो. "जुना बघा कसा मस्त फिरतोय."

"त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय म्हणून फिरतोय. आत काही असलं की पुली जड फिरते. रिकामी झाली की गरगरते आणि आवाज करते."

बेअरिंग सहा-दोनशे-तीनचं होतं, मोकळं बेअरिंग घेतलं असतं तर पुलीच्या पाव किमतीत काम झालं असतं, पण मग लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घ्यायचं आणि रविवारी लेथ बंद. त्या चर्चेत आणखी अर्धा तास गेला आणि शेवटी मी पूर्ण पुलीच घेतली. सगळे मिळून ३,४५०. गॅरेजवाल्याने सांगितल्याहून पन्नास जास्त.

नव्या टेन्शनरच्या भोकात एक तारेसारखी पिन होती. स्प्रिंग दाबून ती पिन अडकवलेली असते. टेन्शनर बसवायचा, बेल्ट चढवायचा आणि सगळ्यात शेवटी पिन ओढायची. ही माहिती मला नंतर मिळाली. रिक्षात बसल्याबसल्या "ही कसली तार राहिली इथे?" म्हणून मी ती उपटली. फट्! असा आवाज झाला आणि टेन्शनरचा हात माझ्या मांडीवर आपटला. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली. "काय फुटलं काय?" "काही नाही, टेन्शन सुटलं," मी म्हणालो. तो मला मीटरपेक्षा जास्त पैसे न मागता उतरवून निघून गेला. पुण्यातला हा माझा एकमेव अनुभव.

आता ती स्प्रिंग पुन्हा दाबून भोकात काहीतरी अडकवायला हवं होतं. उपटलेली तार तर रिक्षातच राहिलेली. खिळा जाड, टाचणी बारीक. मी वर धावलो आणि भाच्याच्या बाळासाठी बायको विणत असलेल्या स्वेटरमधून एक सुई हळूच काढून घेतली. सुई भोकात अशी बसली की विणकामाचा शोध याचसाठी लागला असावा.

आणि मग आम्ही त्या खऱ्या प्रश्नापाशी आलो. बेल्ट घालायचा कसा?

सहा चाकं आणि एक पट्टा. पट्ट्याला दोन बाजू. एकीकडे धारा, एकीकडे सपाट पाठ. खाचा असलेल्या पुलीवर धारांची बाजू यायला हवी आणि गुळगुळीत पुलीवर पाठ. शाळेत असताना सातवीत मी कप्पीची आकृती काढून चारपैकी चार गुण मिळवले होते, पण त्या कप्पीला एकच दोरी होती आणि तिच्या टोकाला बादली होती. इथे बादली कुठेच नव्हती. मोबाइलमधला फोटो उघडला. काकांचं बोट. सगळ्यांनी ते मोठं करून, आडवं करून, उजेडात धरून पाहिलं. बोटच.

अकरा माणसं आणि अकरा रस्ते. बँकवाल्यांच्या मार्गाने चार इंच पट्टा शिल्लक राहिला. "शिल्लक राहिलेली बरी," ते म्हणाले. इरिगेशनवाल्यांच्या मार्गाने तो तितकाच कमी पडला. मग त्यांनी कालव्याच्या आखणीचे काही दाखले दिले. पेपरवाल्या पोऱ्याचा मार्ग बरोबर बसला असता, पण पोऱ्याचं कोण ऐकतं! माझ्या मार्गाने पट्टा अगदी तंतोतंत बसला. मी मनातल्या मनात बाबांचं स्मरण केलं आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. अर्धा इंच! "झालं," मी बाबांच्या आवाजात म्हणालो. एवढ्यात आयटीतला मुलगा म्हणाला, "अंकल, असं लावलं तर पाण्याचा पंप उलटा फिरेल."

"मग?"

"मग पाणी पुढे जाणार नाही, इंजिन तापेल."

"एसटीत असं होत नसे," काका म्हणाले. याचा अर्थ त्यांनाही कळलेलं नव्हतं.

दोन वाजले होते. दूधवाल्याचं दूध नासलं होतं. माझ्या उजव्या हाताला तीन आणि डाव्याला दोन पट्ट्या, खाली वाटलेल्या चहांची संख्या चौतीस. बॉनेटखाली अकरा डोकी, सगळी वाकलेली, सगळी एकाच फटीत रोखलेली, आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू. अशा वेळी बायको खाली आली. तिला सुई हवी होती.

"अहो, माझी सुई कुठाय? बाहीचे टाके सगळे उसवलेत."

"थांब गं, इथे पाण्याचा पंप उलटा फिरतोय."

ती थांबली. तिची उंची आमच्यापेक्षा कमी, त्यामुळे वाकलेल्या अकरा पाठींवरून तिला इंजिन दिसेना. म्हणून ती वर पाहू लागली. बॉनेटच्या आतल्या बाजूला.

"हे चित्र कसलं आहे?" तिने विचारलं.

तिने पदराने बारा वर्षांची धूळ पुसली. खाली एक स्टिकर होता. त्यावर सहा वर्तुळं, त्यांच्यातून फिरणारी एक ठळक रेघ, आणि प्रत्येक वर्तुळावर बाण. बेल्टचा संपूर्ण नकाशा. कंपनीने तो तिथे चिकटवला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून. नऊ वाजल्यापासून तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर दीड फुटावर होता.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"कंपनीचं चित्र बरोबर असेलच असं नाही," अखेर इरिगेशनवाले म्हणाले आणि खुर्ची उचलून जेवायला गेले.

चित्र बरोबर होतं. बायकोने वर बघून सांगायचं, मी खाली हात घालून करायचं, असं ठरलं. "आता अल्टरनेटरच्या वरून. आता त्या नुसत्या फिरणाऱ्याच्या खालून, पाठीने. अहो, पाठीने म्हटलं!" आमच्या सव्वीस वर्षांच्या संसाराची पद्धत तीच असल्यामुळे काम बारा मिनिटांत झालं. शेवटी तिने स्वतःच्या हाताने सुई ओढली. टेन्शनर बेल्टला जाऊन असा भिडला की मला हायसं वाटलं. सुई मात्र इंग्रजी एस झाली होती. भाच्याच्या बाळाला एका बाहीचा स्वेटर गेला. बारशाच्या फोटोत ते बाळ नेपोलियनसारखं दिसतं.

बॅटरीची मायनस जोडली, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि पुढे काहीच झालं नाही. मोर नाही, किंचाळी नाही. एसी लावला, तरी नाही. आम्ही नऊ जण (दोघं जेवायला गेलेले) माना वाकड्या करून ऐकत होतो आणि ऐकायला काही नव्हतं. काकांनी खिशातला तो निराधार बोल्ट काढून माझ्या हातात ठेवला. "सांभाळून ठेवा," ते म्हणाले. तो अजून स्ट्रॉबेरीला चिकटून फ्रीजवर आहे.

सोमवारी ७.१० ला गाडी चिडीचूप बाहेर पडली. फाटक बंद होतं. वॉचमन आतल्या खोलीत गाढ झोपलेला. मोर ओरडला की उठून फाटक उघडायचं, अशी त्याची सहा वर्षांची सवय. मी उतरून फाटक उघडलं. संध्याकाळी घरी आलो तर बायको फोनवर तिच्या आईशी बोलत होती, "...अकराच्या अकरा खाली बघत होते गं, एकाने वर पाहिलं नाही." पूर्वी मी फाटकातून आत शिरलो की वर चहाचं आधण चढायचं. त्या दिवशी चहा तर नव्हताच, वर हे ऐकावं लागलं. मंगळवारी बँकवाल्यांच्या नातवाची शाळेची बस चुकली. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दूध उतू गेलं. गुरुवारी इरिगेशनवाले फिरायला निघाले ते आठ वाजता, आणि त्यांच्या बाकावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

शुक्रवारी जिन्यात सेक्रेटरी भेटले. "काय म्हणताय, मजेत ना?" त्यांनी खांद्यावर हात ठेवला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तासाभराने दाराखालून कागद आत आला.

"विषय : वाहनाच्या ध्वनिरहित निर्गमनाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, गेल्या सोमवारपासून आपले चारचाकी वाहन सकाळी ७.१० वाजता कोणतीही पूर्वसूचना न देता सोसायटीच्या आवाराबाहेर पडत असून त्यायोगे सदस्यांच्या दिनक्रमाचा भंग होत आहे. सबब आठ दिवसांचे आत योग्य ती व्यवस्था करावी, अन्यथा..."